खिंडीपलीकडचे फोटो

"लाइट बंद कर गं, सुमेधा," पुरुषोत्तम म्हणाला, आणि पार्सिपनीतल्या त्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये झांस्करचे डोंगर पडद्यावर उजळले. पडदा कसला, पांढरी चादरच ती.

गालिच्यावर मराठी मंडळाची पंधरा-वीस माणसं बसली होती. मागच्या खुर्चीत जगन्नाथ. तो न कळवताच मिनेसोटाहून आज टपकला होता, आणि त्याला दारात पाहिल्यापासून पुरुषोत्तम त्याची नजर चुकवत होता. कारण गेल्या वर्षी दोघांनी मिळून केलेल्या झांस्करच्या ट्रेकमध्ये पुरुषोत्तम खिंड चढलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी धाप लागली आणि गडी एका खेचरवाल्याबरोबर खाली उतरला. पुढच्या स्लाइड जगन्नाथने पोस्टाने पाठवलेल्या. इथे मात्र वर्षभर पुरुषोत्तम खिंड चढत होता, आणि दर पार्टीत ती थोडी उंच होत होती.

"किती जण होतात हो?" सरलाकाकूंनी विचारलं.

"दोघंच. मी आणि जगन्नाथ. सामानाला एक हमाल होता, नोरबू."

खिंडीची स्लाइड आली. बर्फ, पताका, आणि कोपऱ्यात भिंगावर आलेला अंगठा. पुढच्या तीन-चार स्लाइडमध्येही तोच.

"अगंबाई, इथून पुढे प्रत्येक फोटोत अंगठा!" काकू हसल्या.

"थंडी फार होती," जगन्नाथ मागून म्हणाला. एवढंच.

शेवटची स्लाइड संपली तशी सुमेधा उठली. दहा वर्षांची पोर. पुठ्ठ्याला सोनेरी कागद चिकटवून तिने मेडल केलं होतं. "बाबा, धिस इज फॉर यू. फॉर द टॉप."

टाळ्या पडल्या. पुरुषोत्तमची मान वर होईना.

"थांब, बेटा," तो म्हणाला. "मी खिंडीत गेलोच नाही. अर्ध्यातून पळून आलो. खोटं बोललो सगळ्यांशी, तुझ्याशीसुद्धा. खिंड जगन्नाथकाका चढला. फोटो त्याचे आहेत."

धरणीच्या पोटात जावं, असं पुरुषोत्तमला वाटलं. बेसमेंटमध्ये तर तो आधीच होता.

सुमेधाने बापाकडे पाहिलं. मग मागे गेली आणि मेडल जगन्नाथपुढे धरलं. "देन इट्स युवर्स, काका."

जगन्नाथने हात मागे घेतले. त्याचं तोंड उतरलं होतं.

"नको बाळा. तुझे बाबा उतरले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मीही मागे फिरलो," तो म्हणाला. "खिंडीत कॅमेरा घेऊन एकटा नोरबू गेला होता. तो अंगठा त्याचा आहे."