शेवटच्या ओळीआधी

हिंगणघाटच्या नरहरचं घर म्हणजे अख्खा बँड. तो कीबोर्डवर, मुलगा सुमीत गिटारवर, पोरगी ड्रमवर आणि गायला बायको लीना. ती गायला लागली की वेणा नदी वाहायची थांबायची. खोटं वाटत असेल तर नदीलाच विचारा. पाठवणीचं एक गाणं त्यांनी घरीच रचून रेकॉर्ड केलं. लीनाला दमा. शेवटच्या ओळीआधी ती घरघरत श्वास ओढायची आणि तेवढा वेळ बाकीचे हात थांबवायचे. लग्नालग्नांतून त्यांना गाताना ऐकून ते गाणं जिल्हाभरच्या ऑर्केस्ट्रांनी उचललं. मग लीना गेली. वर्षश्राद्धाला सुमीतनं ते एकुलतं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर साफ करून बापाला ऐकवलं. "इथं तुही माय दम घेत होती ना? तो काऊन काढला?" "नुसती खरखर होती, बाबा." "जुनं लाव." सुमीतकडं जुनं उरलंच नव्हतं. नवं त्यानं जुन्यावरच सेव्ह केलं होतं. त्या दिवसापासून नरहरनं कीबोर्डवरची चादर काढली नाही. परवा शेजारी म्हणून मीच त्याला ओढून कारंज्याला माझ्या भाचीच्या लग्नात नेलं. पाठवणीला भाड्याच्या ऑर्केस्ट्रातली एक पोर तेच गाणं गायला लागली. पोर अशी धडधाकट, की एका दमात वर्ध्यापर्यंत ऐकू जावं. पण शेवटच्या ओळीआधी ती थांबली, वाजवणारेही थांबले, आणि गाण्याचाच भाग समजून तिनं लीनासारखाच घरघरत श्वास ओढला. नरहरनं माझा हात घट्ट धरला. "हळू, लीना," तो म्हणाला, "घाई नाई."