ओल्या रेघा

सतुर्निना दोरी ओलांडून आत आली तेव्हा सिरिलो खडकावरचा पाला झाडत होता. तिच्या पाठीवर, विणलेल्या चादरीच्या झोळीत, तिचा पाच वर्षांचा रेनान होता. एवढं मोठं पोर घेऊन चढण चढल्यामुळे तिला धाप लागली होती.

"कोमाद्रे, दोरीच्या पलीकडे व्हा. इथे पाय ठेवायला बंदी आहे," सिरिलो म्हणाला.

"पाय ठेवायलाच आलेय, कोंपाद्रे."

लहानपणी दोघांनी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या होत्या. पण रेनानचे पहिले केस सिरिलोनं कापले, तो पोराचा धर्मपिता झाला, आणि तेव्हापासून दोघं कोंपाद्रे-कोमाद्रे झाली, 'तुम्ही'वर आली.

खडक म्हणजे उतारावर पसरलेली लांबलचक करडी फरशी. कधीकाळी ती तळ्याकाठचा चिखल होती आणि डायनोसॉर तिच्यावरून चालत गेले होते. त्यांची घमेल्याएवढी पावलं दगडात तशीच राहिली. रात्री पाऊस झाला की त्यांत पाणी साचायचं. ऊन चढायच्या आत त्या पाण्यात उभं केलं की न चालणारं पोर चालू लागतं, असं गावातल्या बायका मानत. पुढे दोरी आली, सिरिलो राखणदार झाला आणि ते सगळं बंद पडलं. आता तो पर्यटकांना काठीनं दाखवायचा: हे जनावर घाईत होतं, हे लंगडत होतं, आणि हे सगळ्यात मोठं, याची एक ढांग म्हणजे आपल्या तीन.

"पावलांच्या कडा ढासळताहेत, कोमाद्रे. माझी नोकरी जाईल."

"एवढाली धुडं इथून गेली, आणि कडा माझ्या पोरानं ढासळणार होय? तुम्ही स्वतः तीन वर्षांचे होईस्तोवर ढुंगणावर सरकत होतात. आजीनं कुठे उभं केलं होतं तुम्हाला?"

सिरिलोनं खालच्या वाटेकडे पाहिलं. कुणी येत नव्हतं.

"आटपा लवकर."

सतुर्निनानं झोळी सोडली. त्या गावात पोरासोरांच्या टाचांनाही भेगा असायच्या. रेनानचे तळवे मात्र लोण्यासारखे मऊ होते. तिनं पोराला काखेत धरून सगळ्यात मोठ्या पावलात उतरवलं. पाणी गार होतं. रेनान किंचाळला, मग खिदळायला लागला. ती पुटपुटत राहिली, आणि मग तिनं त्याला तसंच धरून, वाकून, त्याच जनावराच्या पुढच्या पावलापर्यंत चालवत नेलं.

"कोंपाद्रे, तुम्हाला पावलं वाचता येतात. ही वाचा. भार टाकला का त्यानं?"

सिरिलो मागच्या पावलाजवळच उभा होता. दगडावर दोन ओल्या रेघा उमटल्या होत्या. सलग, या पावलापासून त्या पावलापर्यंत. मध्ये कुठे टाच नव्हती, बोटं नव्हती. पोर चाललं नव्हतं, नुसतं ओढलं गेलं होतं.

खरं सांगायला त्यानं तोंड उघडलंही. पण सतुर्निना वाकल्या वाकल्या मान वर करून त्याच्याकडे बघत होती. पाच वर्षांत तिच्या पाठीला पोराचा बाक आला होता.

"डावा," तो म्हणाला. "डाव्यावर थोडा टाकलाय."

"माझी शपथ?"

"हे काय, इथे बघा ना." त्यानं काठी कुठेतरी टेकवली. ऊन आलं होतं आणि रेघा वाळायला लागल्या होत्या.

सतुर्निनाला रडू फुटलं. "ऐकलंस का रे? डावा! तुझे धर्मपिता सांगताहेत." तिनं रेनानला नीट सरळ उभं केलं, त्याच्या डाव्या मांडीवर थोपटलं. "आणि मीच मेली त्याला सारखी धरून ठेवतेय."

तिनं दोन्ही हात काढून घेतले.

सिरिलोनं काठी टाकली. त्याच्यात आणि पोरात त्या मोठ्या जनावराची एकच ढांग होती. त्याला तीन टाकाव्या लागणार होत्या.