खाटेखालचा कोपरा

खोलीच्या जमिनीवरचा प्लायवूडचा चौथा तक्ताही मधोमध फाटला. फकिरा सुतार सकाळपासून भिडला होता. खिळ्यांची डोकी गंजून उडालेली, खाली लाकडी पट्ट्या, त्यांवर सढळ हाताने ओतलेला सरस. लोखंडी सब्बल घातली तरी तक्ता उचकटत नसे. ओल्या पुठ्ठ्यासारखे त्याचे पापुद्रे तेवढे निघत.

प्रत्येक पापुद्र्यागणिक वास वाढत होता. देवश्रीने ओढणी नाकावर दुहेरी बांधली होती, तरी डोळे चुरचुरत होते. हा लघवीचा वास तिला पाठ होता. आदिलाबादच्या लॅबमध्ये ती रोज साठ-सत्तर लघवीचे नमुने तपासायची. आईंना अंथरुणात होतं, माझं नाक फसणार नाही, असं तिनेच नवऱ्याला, आलोकला सांगितलं होतं. त्यावरून तर सासूची, मालनबाईंची खाट दिवाळीत या खोलीतून मागच्या टिनाच्या छपराखाली गेली. तेव्हापासून त्यांची अंथरुणं वेगळी धुतली जात. पाहुणे आले की त्यांना पुढे या असं कोणी म्हणत नसे. माझं तसं काही नाही, असं मालनबाई आधी सांगायच्या. मग सांगायच्या थांबल्या. सकाळी त्यांच्या उशाचा तांब्या भरलेला तसाच उचलला जाई.

खाट गेली, वास गेला नाही. लाकडात मुरलाय, देवश्री म्हणाली. बारा वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्यांना मावला गावातली थंडी बाधू नये म्हणून आलोकनेच शहाबादी फरशीवर हे लाकूड घातलं होतं. आता टाइल्स बसणार होत्या आणि खोलीत त्याचं ऑफिसचं टेबल येणार होतं.

"बाई, जराशा मांगं सरा," फकिरा म्हणाला. खाट असायची त्या कोपऱ्यात त्याने सब्बल रोवली आणि अंगाचा भार टाकला. करकरत हा एकच तक्ता आख्खा उठला.

खाली कापूस होता. परसामागच्या वावरातून ओढून आणलेला, टोपलीभर, पिवळा-काळा, ओला. भोवती बोटभर जाडीचा लेंड्यांचा थर, वरून तेलकट चकाकणारा. सुतळी, चिंध्या, कांद्याची सालं. एक उंदीर वाळून पापडासारखा चपटा झालेला. आणि मधोमध सहा-सात गुलाबी पिल्लं, डोळे न उघडलेली, एकमेकांवर वळवळत.

देवश्री मोरीपर्यंत कशीबशी पोचली.

"किती पिढ्या मुतून राह्यल्या इथं, कोणास ठाऊक," फकिरा आतून म्हणाला. "तुमी तर लॅबवाल्या, बाई. तुमाले नाई समजलं?"

तोंडावर पाणी मारताना तिला ती पट्टी आठवली. दिवाळीच्या आधी, सासूबाई आंघोळीला गेल्या असताना, तिने लॅबमधली पीएचची पट्टी ओली करून त्यांच्या गादीवर दाबली होती. रंग बदलला नव्हता, म्हणजे गादीत लघवीचा अंश नव्हता. दुसरी लावली, तीही तशीच. पट्ट्या जुन्या असतील, असं ठरवून तिने दोन्ही केरात टाकल्या. आलोकला सांगितलं नव्हतं.

तिने नळ बंद केला.

ती परत आली तेव्हा मालनबाई मागच्या दारात उभ्या होत्या. आवाज ऐकून टिनाखालून काठी टेकत आल्या होत्या. नाकाला पदर नव्हता. त्या कोपऱ्याकडे पाहत होत्या. फकिराने सब्बल भिंतीला टेकवली.

"आई," देवश्री म्हणाली.

मालनबाई सुनेकडे वळून, परवानगी मागावी तशा हलक्या आवाजात म्हणाल्या,

"मंग आता दिवस बुडाल्यावर पाणी पेत जाऊ का मी?"