पिराजीची साक्ष

टेम्पोतला शेवटचा पत्रा उतरला आणि पाळकसाहेबांनी पिराजीला पुढं बोलावलं. "दोन शब्द बोल. तुझ्याच वाडीची माणसं आहेत ही. साक्ष दे."

साक्ष म्हणजे देवानं आपल्याला कसं सावरलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. कोल्हापुरातल्या चर्चमध्ये पिराजीनं ती दोनदा दिली होती. शिमग्याच्या तोंडावर वणवा आला, घर गेलं, अंगावरच्या कपड्यांनिशी शहर गाठलं, चर्चच्या माणसांनी जेवू घातलं आणि तिथंच प्रभू भेटला. ऐकून बायामाणसांनी डोळे पुसले होते. येत्या रविवारी त्याचा बाप्तिस्मा होता. वाडीला पत्रे पोचवायचे ही सगळी खटपटही त्याचीच. पाऊस पंधरा दिवसांवर आला होता आणि मलकापूरच्या वरच्या अंगाच्या या वाडीत अकरा घरांच्या नुसत्या काळ्या भिंती उभ्या होत्या.

समोर पहिल्याच रांगेत तानाबाई बसली होती. वणवा आला तेव्हा तिचा नवरा केरबा म्हशींची दावी कापायला गोठ्यात शिरला. म्हशी बाहेर आल्या, केरबा आला नाही.

पिराजीनं तोंड उघडलं. पाठ झालेलं पहिलं वाक्य काही केल्या येईना. तो तानाबाईकडं बघत राहिला.

"वणवा म्या लावला," तो म्हणाला.

कुणाला काही कळलंच नाही. पाळकसाहेब तर हसत होते, पोरगं चांगलं बोलणार या भरवशावर. ते हसू तसंच त्यांच्या तोंडावर राहून गेलं.

"माळाचं गवत पेटवलं. दरसाल पेटवतो तसंच. जुनं जळलं की नवं जोमानं येतंय म्हनून. तिन्हीसांजंला वारं पडल्यावर पेटवायचं असतंय, ठावं हुतं मला. पर त्या दिशी सांजचं पावण्यांकडं जेवाण हुतं. म्हनलं, दुपारीच उरकून टाकावं."

जेवणासाठी. अकरा घरं आणि एक माणूस, आणि कारण काय, तर पाहुण्यांकडचं जेवण. यापेक्षा दावा धरून आग लावली असती तर ऐकणाऱ्याला निदान शिवी तरी देता आली असती.

शेजारी पत्रे रचणाऱ्या वाडीतल्या ज्ञानूच्या हातून पत्रा सुटला आणि दगडावर आदळला. शेळ्या उधळल्या. त्यांच्यामागं कुणी धावलं नाही.

"शिकाऱ्यांनी वणवा लावला म्हनून आडीच म्हैनं आमी त्येंच्या नावानं बोंबलतोय," ज्ञानू म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "आन् तू पत्रं वाटतोयस आमाला?"

"रविवारी पाण्यात उतरायचं हाय मला. ह्ये पोटात ठिवून न्हाय उतरता यायचं. पोलिसांत न्हेऊन घाला, न्हायतर हितंच मारा. मी पळत न्हाय."

ज्ञानूनं त्याची गचांडी धरली. पाळकसाहेब मध्ये पडायला एक पाऊल पुढं आले आणि तिथंच थांबले. इतके दिवस याच पोराला त्यांनी स्वतःच्या ताटातलं वाढलं होतं.

"संगं कोन हुतं? नाव सांग," ज्ञानू म्हणाला.

"कुनी न्हाय. मी एकटाच. काडीपेटीबी माझीच हुती."

काडीपेटीचं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तानाबाई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. लोकांनी वाट दिली. आता ही याच्या कानाखाली वाजवणार, असंच सगळ्यांना वाटलं आणि त्यात कुणाला वावगंही वाटलं नसतं. पण ती पिराजीकडं न जाता पाळकसाहेबांसमोर जाऊन थांबली.

"सायेब, साक्ष म्हंजी खरंच सांगायचं असतंय न्हवं?"

"हो, बाई."

"मग ह्यो खोटं बोलतोय."

"काकी, तुमी गप बसा," पिराजी कळवळून म्हणाला. "पाया पडतो तुमच्या, पर गप बसा."

"काडीपेटी माझ्या चुलीपुढची," तानाबाई म्हणाली. "ह्यो दारात आला, मागितली, म्या दिली. दुपारच हुती, ऊन रखरखत हुतं, मलाबी दिसत हुतं की. वर म्याच म्हनलं, जाता जाता आमच्याबी कुरणाला लावून जा. तेवढाच ह्येंचा हेलपाटा वाचंल."

ज्ञानूचा हात पिराजीच्या गळ्यापासून आपोआप खाली आला. मागं बसलेल्या बायकांपैकी एकीनं तोंडात पदर कोंबला. अडीच महिने याच बायका आळीपाळीनं तानाबाईजवळ बसायला जात होत्या. शिकाऱ्यांना शिव्याशाप द्यायच्या, आणि तानाबाई त्यांच्यात बसून खाली मान घालून ऐकायची. दुःखानं मुकी झालीय, असं त्या एकमेकींत म्हणायच्या.

"कुनाला सांगितलं न्हाय म्या. लेकीला सुदिक न्हाय."

पाळकसाहेबांनी हातातलं बायबल या हातातून त्या हातात घेतलं.

तानाबाई वळली. पडलेल्या पत्र्याला वळसा घालून पिराजीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, त्याच्यासारखीच लोकांकडं तोंड करून. डोक्यावरचा पदर नीट केला. पिराजी हुंदके देत होता. तिनं हळूच त्याला विचारलं,

"पिराजी, तुझा देव दोघांचं एकदम ऐकून घेतोय का? का मी येगळं सांगू?"