अर्धा उतार

लुदोविनानं बर्फाचा चौकोनी ठोकळा चारी बाजूंनी मोकळा केला, त्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवलं आणि नुसत्या मनगटानं थापट्या मारायला सुरुवात केली. दोन-तीन थापट्यांतच वरचा हातभर जाड थर सुटला आणि सरकत तिच्या गुडघ्यांवर येऊन पडला. खालच्या थरातून पाणी झिरपत होतं, म्हणजे उतार अजूनही सुटू शकत होता.

गावाच्या बचाव पथकाची ती प्रमुख होती आणि तिच्या मागे पथकातले दोघं उभे होते. तिचा धाकटा दीर निबाल्दो आणि मिर्ता. समोरचा अर्धा उतार दुपारी कोसळला होता आणि त्याखाली तिचा नवरा इसाउरो गाडला गेला होता. वरच्या निवाऱ्याचं छप्पर बर्फानं वाकलंय म्हणून तो सकाळी एकटाच झाडायला निघाला होता. उताराचा उरलेला अर्धा भाग अजून वर लटकत होता, उन्हात भिजून जड झालेला.

"कुणीही पुढे जायचं नाही," लुदोविना म्हणाली. "रात्री गोठू दे. उजाडल्यावर जाऊ."

निबाल्दोच्या हातातलं शोधयंत्र वाजत होतं. इसाउरोच्या छातीला बांधलेल्या यंत्राचा संकेत त्याला मिळत होता. "ऐक. इथंच आहे तो. हाकेच्या अंतरावर."

"छातीवरचं यंत्र मेल्यावरही वाजत राहतं."

"वहिनी, तुझा नवरा आहे तो. त्या फावड्याचं ऐकणं बास कर आता."

"दुसऱ्या कुणाचा नवरा असता, तर तू मला हेच म्हणाला असतास?"

निबाल्दो सरळ कोसळलेल्या बर्फाकडे चालू लागला. तिनं मागून त्याच्या पाठपिशवीचा पट्टा धरला आणि सगळा भार टाकून खाली बसली. तोही बसला.

"आईला तू सांगायचंस," तो म्हणाला. "मी नाही सांगणार."

"सांगीन."

उतारावरून ऊन गेलं. उरलेला भाग काही कोसळला नाही. खालच्या झोपडीत मिर्तानं 'माते' नावाच्या पानांच्या चहासाठी पाणी तापवलं, पण कुणी प्यालं नाही. तिघंही वरून आवाज येण्याची वाट पाहत होते. आवाज आला नाही.

सकाळी पायाखालचं बर्फ दगडासारखं टणक झालं होतं. तिघं लटकत्या उताराखालून चालत गेले आणि काहीही हललं नाही.

शोधासाठी बर्फात खुपसलेली लोखंडी सळई मऊ कशाला तरी टेकली. निबाल्दो पुढे होऊन खणू लागला. लुदोविना त्यानं काढलेलं बर्फ मागे ओढत होती. आधी टोपी दिसली, मग कपाळ. मग निबाल्दोचा हात थांबला.

इसाउरोच्या नाकातोंडापुढे बर्फाचं कवच होतं, काचेसारखं, बोटभर जाड. गाडलेला माणूस श्वास घेत राहिला की त्याच्या उबेनं पुढचं बर्फ वितळतं आणि पुन्हा गोठतं. एवढं जाड कवच व्हायला फार वेळ लागतो. पथकातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

निबाल्दोनं मागे वळून पाहिलं. लुदोविना पाठमोरी होती. त्यानं कवचावर मुठीनं ठोकलं, तुकडे उपसून बाजूच्या बर्फात दाबले आणि भावाची दाढी घासून साफ केली. मिर्तानं तोंड फिरवलं.

"वहिनी, ये," तो म्हणाला. "लगेच गेलाय गं तो. त्याला कळलंही नसेल."

लुदोविना खड्ड्यात उतरली. तिनं इसाउरोच्या ओठांवर हात ठेवला. हनुवटीजवळ दाढीचे केस उपटले गेले होते. मग तिनं निबाल्दोच्या हाताकडे पाहिलं; हातमोज्याला तेच केस चिकटले होते.

"खाली जायच्या आधी हातमोजा झटक," ती म्हणाली. "आईंना दिसेल."