दुसरा प्रश्न

"कविता समोर आहे ना? मग वाच," बाई फोनवर म्हणाल्या.

शाळा सुटली की वाचनालयाच्या मागच्या खोलीतले दोन फोन वाजू लागत. इंग्रजीचा गृहपाठ अडला की मुलांनी इथे विचारायचं. व्याकरण शेजारच्या टेबलावरच्या काकांकडे. सारी हयात छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, तो उत्तर सांगून मोकळा व्हायचा. धडे आणि कविता बाईंकडे. बाई उत्तर सांगत नसत, मुलाच्या तोंडून वदवून घेत, आणि प्रश्न अर्धा ठेवून कुणाला सोडत नसत. काका त्यावरून त्यांना रोज चिडवत.

पलीकडच्या मुलीने वाचायला घेतलं आणि बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मुलीने शेवटची ओळ वाचली होती.

"अगं, सुरुवातीपासून वाच."

"आमच्याकडे आधी शेवटची ओळ वाचतात. बाबा म्हणतात, माणूस कुठे पोचला ते आधी बघायचं, मग कुठून निघाला ते शोधायचं."

बाईंनी हातातली पेन्सिल हळूच खाली ठेवली. हे वाक्य त्यांचं होतं. वर्गात त्यांनी ते कधी उच्चारलं नव्हतं, हेडबाईंनी वेड्यात काढलं असतं. ते घरातलं होतं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकाच मुलाला सांगितलेलं. पुढे त्या मुलाचं सगळंच त्या तपासत राहिल्या, त्याचे मित्र, त्याची नोकरी, त्याने पसंत केलेली मुलगी. मग एक दिवस तो घर सोडून गेला तो गेलाच. नात झाल्याचं त्यांना लोकांकडून कळलं.

फोनच्या वर भिंतीवर पुठ्ठा होता. मुलांना नाव, पत्ता, शाळा विचारू नये. तो बाईंनीच लावलेला.

"बाबांना नाही का येत ही कविता?"

"येते की. पण म्हणाले, हा नंबर लाव. तिथल्या बाई रागावतात, पण समजावतात छान."

तू दिसतेस कशी, तो वेळेवर जेवतो का, अजून झोपेत बडबडतो का, किती विचारायचं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. आता पहिल्यापासून वाच. सावकाश."

कविता साधी होती. एक माणूस आपल्या जुन्या घराच्या फाटकापर्यंत येतो, कडीला हात लावतो आणि मागे फिरतो. मुलगी अडखळत वाचत होती. बाईंनी एकदाही तिचा उच्चार सुधारला नाही, तेव्हा काकांनी मान वर करून पाहिलं.

"तो मागे का फिरला, हा पहिला प्रश्न आहे," मुलगी म्हणाली. "मला वाटतं, आतली माणसं अजून रागावलीत असं त्याला वाटलं."

"आणि रागावलेली असतात का?"

"ते नाही दिलं. आत दिवा लावलेला असतो फक्त."

"मग हेच लिही."

"दुसरा प्रश्न, तो पुन्हा येईल असं तुम्हाला वाटतं का? कारणं द्या."

उत्तर बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. "हा आज नको," त्या म्हणाल्या. "जरा अवघड आहे. उद्या फोन कर."

मुलीने फोनपासून तोंड वळवलेलं कळलं. "बाबा, बाई म्हणतात दुसरा प्रश्न उद्या."

मग लांबून एका पुरुषाचा आवाज आला, आठवणीतल्यापेक्षा थोडा जाड झालेला. "बरं. उद्या लावू."

फोन बंद झाला तरी बाईंनी रिसीव्हर कानाशी तसाच धरला होता.

"काय हो बाई," काका म्हणाले, "आज प्रश्न अर्धा सोडलात? तब्येत बरी आहे ना?"

बाईंनी रिसीव्हर जपून जागेवर ठेवला.

"उद्या हा फोन वाजला तर तुम्ही उचलू नका," त्या म्हणाल्या. "मी जिन्यात असले तरी वाजू द्या."