साठ आकडे

चॅटमध्ये मधेच एक ओळ येते, समोरच्याचा सुरक्षा कोड बदलला म्हणून. शंभरात एकही जण ती वाचत नाही. मी वाचतो, कारण मी मोबाईल दुरुस्त करतो.

काल ती ओळ ताईच्या चॅटमध्ये आली. नवऱ्याच्या माराला कंटाळून ताई मैत्रिणीकडे लपली होती आणि मी तिच्यासाठी खोली शोधली होती. मधे कोणी घुसलेलं नसेल तर दोन्ही फोनवर त्या कोडचे साठ आकडे सारखेच दिसतात. म्हणून पत्ता देण्याआधी मी त्याच चॅटमध्ये लिहिलं, "कोड वाचून दाखव."

तिचा व्हॉइस मेसेज आला. "तुझं आपलं काहीतरीच, बाळ्या," म्हणून ती हसली आणि तिने साठही आकडे वाचले. सगळे जुळले. मी पत्ता पाठवून दिला.

आज दुपारी ताई दुकानात आली. "हा फोन बघ रे, चार दिवस झाले, चालूच होत नाही. खोलीचं काय झालं?"

मी फोन उघडला. बॅटरी फुगून टम्म झाली होती. सिम आतच होतं.

मी तिला कालचा मेसेज ऐकवला. आकडे संपेपर्यंत ती हलली नाही.

"आवाज माझाच आहे," ती हळू म्हणाली. "पण हे मी बोललेच नाही." आकडे जुळले होते, कारण मधे कोणी नव्हतंच; पलीकडच्या टोकालाच ताईऐवजी दुसरं कोणी होतं.

तेवढ्यात माझ्या फोनवर ताईचा नवा व्हॉइस मेसेज आला.  ताईनेच तो लावला.

ताई हसली, फोनमधली.

"खोली आवडली, बाळ्या. आता तिला घेऊन ये."